झालरवाल्या माशावरचा शिक्का

परवा शेजारची सुनंदा ताटलीभर हुरडा घेऊन आली. वर वर्तमानपत्राचा कागद झाकलेला, कडेला शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. "काका, गरम हाय तवर खावा. गार झाला की दाताला लागतो," म्हणाली आणि उंबऱ्यातूनच परत फिरली. तिच्या शेतावर पुण्याचे पाहुणे आले होते, त्यांची ऊठबस करायची होती. मी ताटली घेऊन ओट्यावर बसलो. कागद काढला, भाजक्या ज्वारीचा वास आला, आणि मला एकदम राग आला. सुनंदाचा नव्हे, तिचा कशाला येईल? माझा स्वतःचाच आला.

हुरडा ही एकट्यानं खायची गोष्टच नाही. आगटीत कणसं भाजायला एक जण लागतो आणि ती गरम असतानाच हातावर चोळायला दुसरा. चोळणारा आधी समोरच्याच्या ओंजळीत दाणे टाकतो, स्वतः मागून खातो. चौदा वर्षं माझ्या ओंजळीत हे दाणे मकबूलभाईंनी टाकले. त्यांचे हात शिंप्याचे, बोटांना सुयांनी घट्टे पडलेले, चटका म्हणून बसायचा नाही. मी चोळायला गेलो की माझ्या हातातलं कणीस काढून घ्यायचे. "राहू द्या सायब. तुमी कागदाची माणसं. तुमचं काम न्हाय हे." या माणसाला मी एक खोटं सांगितलं, आणि ते खोटं होतं हे सांगायचं राहून गेलं. बारा वर्षं राहून गेलं. हुरड्याचे दिवस आले की ते घशाशी येतं.

मी पोस्टात होतो. सास्तूर-लोहाऱ्याच्या अंगाला आमचं गाव आहे, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. रस्ते सरळ आणि लई रुंद. जुन्या गावात कढीला मीठ कमी पडलं तर गल्लीत हात लांबवला की मिळायचं, इथं त्यासाठी पायात चपला घालाव्या लागतात. या गावात एका माणसाचं पोस्ट होतं आणि तो एक माणूस मी. थैली फोडणारा मी, तिकिटं विकणारा मी, शिक्के मारणारा मी, आणि काही चुकलं तर वरच्यांना उत्तर देणाराही मीच. एकतीस वर्षं. बायको लवकर गेली, मूलबाळ झालं नव्हतं. पाच वाजता पोस्टाला कुलूप लावलं की मला जायला जागा एकच होती, थांब्याजवळचं मकबूलभाईंचं टेलरिंगचं दुकान. तिथं एक स्टूल होतं. त्यावर गिऱ्हाईक बसलं असलं तर ते त्याला उठवायचे. "उठ बाबा, सायब आले."

आता माशांचं सांगतो.

भूकंपानंतर मदत म्हणून कपड्यांचे गठ्ठे आले होते. देशातले, परदेशातले, स्वेटर, पाटलोणी, कसले कसले झगे. त्यातला एक जाडजूड काळा कोट कुणीतरी अंगाबरोबर करून घ्यायला मकबूलभाईंकडं टाकला. अस्तर उसवताना आतल्या खिशात चौघडी केलेलं एक पाकीट सापडलं. पत्र नव्हतं, रिकामंच होतं, पण वर तीन तिकिटं होती आणि तिन्हींवर मासे. हिंदी महासागरात कुठंतरी ठिपक्याएवढं बेट आहे, तिथली. बेटाचं नाव मला पाठ आहे, पण मकबूलभाई नुसतं 'बेट' म्हणायचे, म्हणून मीही तेवढंच लिहितो.

कोट ज्याचा होता तो घेऊन गेला. तिकिटं त्याला नको होती. मकबूलभाईंनी ती मापाच्या वहीत ठेवली.

ही मापाची वही म्हणजे लांबडी, लाल कापडी पुठ्ठ्याची. डाव्या पानावर गिऱ्हाइकाचं नाव आणि मापं, छाती, कंबर, बाही, गळा. उजवं पान कोरं ठेवायची त्यांची पद्धत होती, म्हणजे पुढच्या साली माणूस सुटला किंवा वाळला तर बदल तिथं लिहायचा. त्या कोऱ्या पानांवर मासे आले. सरपंचाच्या छातीसमोर पिवळा मासा, हेडमास्तरांच्या कंबरेसमोर निळा. सोलापूरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून एक, हैदराबादच्या मेव्हण्याकडून दोन, असे करत करत आठ झाले. संच नऊ माशांचा होता. हे आम्हाला कळलं ते त्याच पुस्तकवाल्यानं दिलेल्या एका फाटक्या यादीवरून. तीत नऊच्या नऊ काळ्यापांढऱ्या रंगात छापले होते.

माशांची खरी नावं तिकिटांवर बारीक अक्षरात होती. मी ती भिंग लावून वाचून दाखवायचो. मकबूलभाई मान हलवायचे आणि आपलीच नावं ठेवायचे, तीही कापडाची. काठाला काळी पट्टी असलेला पिवळा तो इरकल. अंगभर हिरवे-गुलाबी खवले असलेला तो पैठणी. ठिपक्यांचा तो छापील वॉयल. एक चपटा, पांढऱ्या-काळ्या रेघांचा होता, त्याला ते 'तुमचा शर्ट' म्हणायचे, कारण तसलं कापड मी एकदा हट्टानं घेतलं होतं आणि त्यांना ते बिलकूल पसंत नव्हतं. "सायब, या माशाला बी शोभत न्हाय, पर त्याचा इलाज न्हाय. तुमचा तर होता."

नववा मासा आमच्याकडं नव्हता. यादीतल्या चित्रात त्याला अंगभर लांब लांब पर होते, लग्नातल्या परकराच्या झालरीसारखे. मकबूलभाई त्या चित्रावर बोट ठेवून बसायचे. "ह्यो झालरवाला. ही झालर कुणी शिवली असंल सायब? चुण्या बघा की. एकसारख्या." आणि मग स्वतःच "अल्लाची कारागिरी" असं पुटपुटून मशीन चालवायला लागायचे. हे सगळं आम्ही अशा मुलखात बसून करत होतो जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, मीही नाही. बाजारात येणारी मरळ आणि कटला सोडून त्यांना मासा माहीत नव्हता. मला तर तोही नाही, मी खातच नाही.

झालरवाल्यासाठी बेटावर पत्र लिहायची कल्पना माझी. तिकिटं जमवणारी माणसं तसं करतात हे मला नोकरीमुळं माहीत होतं. त्या गावच्या पोस्टमास्तरला विनंती करायची की अमुक तिकीट पाकिटावर लावा, त्यावर तुमच्या पोस्टाचा स्वच्छ शिक्का उठवा आणि आमच्या पत्त्यावर पाठवा. इंग्रजी पत्र मी लिहिलं, दोनदा कच्चं, एकदा पक्कं. खाली नाव मकबूलभाईंचं. सही त्यांनी केली, जीभ दातात धरून, सावकाश. "तिथला शिक्का पायजे सायब," तीनतीनदा म्हणाले. "म्हंजी कळंल की ह्यो खरंच तिथून निघाला आन् इथवर आला."

आठ महिने काही आलं नाही. दुपारी थैली आली की ते रस्त्यापलीकडून नुसतं बघायचे आणि मी नुसती मान हलवायचो, नाही म्हणून.

ते आलं हुरड्याच्या दिवसांत. त्याच संध्याकाळी आमचं माझ्या शेतावर जायचं ठरलं होतं. मकबूलभाईंच्या घरून लसणाची चटणी येणार होती, दही मी घेणार होतो. थैली फोडली. वीज मंडळाची बिलं, विम्याच्या नोटिसा, दोन मनीऑर्डरी, आणि त्यात ते पाकीट, पांढरं, जरा जाड. झालरवाला उजव्या कोपऱ्यात होता. लाल, तपकिरी, पांढरा, यादीतल्या चित्रापेक्षा कितीतरी देखणा. आणि त्यावर शिक्का नव्हता. कोराच आला होता, वाटेत कुठंही कुणी त्याला हात लावला नव्हता.

आता आमच्या कामातला एक नियम आहे. तिकीट रद्द न होता आलं तर वाटपाआधी शेवटच्या पोस्टानं ते रद्द करायचं, नाहीतर कुणी सोडवून परत वापरील. मी शिक्का उचलला आणि मारला. आमच्या गावचं नाव, त्या दिवसाची तारीख, गोल, काळाकुट्ट, नेमका झालरवाल्याच्या तोंडावर.

चार वाजता मी स्वतः ते दुकानात नेऊन दिलं. मकबूलभाईंनी गळ्यातला टेप काढून ठेवला, हात पायजम्याला पुसले, पाकीट घेतलं. उजेडाकडं धरलं. मग म्हणाले, "ह्यो तर आपल्या गावचा शिक्का हाय."

"कोरंच आलं होतं. नियम आहे तसा."

"तुमाला दिसलं न्हाय सायब? झालरवाला हाय म्हणून?"

"दिसलं नाही हो. थैली मोठी होती. हाताला सवय पडलेली, हात चालतच राहतो. बघायच्या आत शिक्का पडून गेला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले नाहीत, तेच वाईट झालं. "हाताला सवय आसती," एवढंच म्हणाले, पाकीट मापाच्या वहीत ठेवलं आणि मशीनवर बसले. मी स्टुलावर बसलो नाही. त्या संध्याकाळी शेतावर ना ते आले, ना मी गेलो.

खरं काय ते आता लिहितो. हात थांबला होता.

शिक्का उचलला तेव्हाच मला झालरवाला दिसला होता. हात वरच होता. किती वेळ, ते सांगता येणार नाही, पण भिंतीवरची पाल सरकलेली मला आठवते, म्हणजे बराच वेळ असणार. मला शाईची पेन्सिल घेऊन कडेला बारीक रेघ मारता आली असती, नियमात तेही चालतं. सरळ तसंच नेऊन दिलं असतं तरी माझ्या पोस्टात मला विचारणारं कोण होतं? पण पाकिटावरचा पत्ता मी वाचला. बेटावरच्या कुण्या माणसानं निळ्या शाईत, गोल अक्षरात लिहिला होता. मकबूल टेलर, आणि आमचं गाव. पत्र मी लिहिलेलं, कल्पना माझी, नाव मात्र त्यांचं. एकतीस वर्षांत मी या गावाला किती पत्रं वाटली, सैनिकांची, लेकींची, प्रेमात पडलेल्यांची! माझ्या नावानं खात्याच्या कागदांशिवाय कधी काही आलं नाही. मला पत्र लिहील असं कुणी नव्हतंच. हे सगळं त्या वर उचललेल्या हातात आलं आणि मी शिक्का मारला. जोरात मारला. दोस्ताचं सुख माझ्याच्यानं बघवलं नाही, एवढीच गोष्ट आहे.

दोन दिवसांनी जाऊन खरं सांगायचं ठरवलं होतं. दोनाचे चार झाले. ते येतील म्हणून मी थांबलो, मी जाईन म्हणून ते थांबले असतील. एकदा महिना उलटला की माणसाला रस्ता ओलांडणं लई अवघड होतं, आणि आमच्याकडचे रस्ते तर मी सांगितलंच, रुंद. पुढच्या हुरड्याला त्यांच्या घरून चटणी आली नाही. त्यांची मुलगी शबाना, तिच्या लग्नाचं बोलावणं आलं, मी अंगात कणकण आहे असं कळवलं. शर्ट लोहाऱ्याला शिवून घेऊ लागलो. कॉलर आवळायची. तसाच घालायचो, म्हटलं बरोबरच आहे.

मग त्यांचे डोळे अधू झाले, सुईत दोरा जाईना. शबाना त्यांना धाराशिवला आपल्या घरी घेऊन गेली. ते निघाले त्या दिवशी मी पोस्टाच्या खिडकीत होतो. एसटी थांब्यावर उभी राहिली. मकबूलभाई चढले, कडेवर मूल असलेली शबाना चढली, मागून मशीन टपावर चढलं. एसटी गेली. मला गिऱ्हाईक नव्हतं, काम नव्हतं, बाहेर पडायला कुणी अडवलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर वेळच वेळ झाला. सकाळी चहा, मग ओटा, मग रेडिओ, मग ओटा. यंदा गणपतीच्या सुमाराला एकदाचं ठरवलं. बेटावर परत पत्र लिहिलं, या खेपेला माझ्या नावानं. झालरवाल्याचं तिकीट, वर तिथला स्वच्छ शिक्का, पाठवावं ही विनंती. तो आला की घेऊन धाराशिवला जायचं, मकबूलभाईंच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, मकबूलभाई, हात थांबला होता. वाक्य पाठ करून ठेवलं. ओट्यावर बसून मोठ्यानं म्हणूनही बघायचो. सुनंदानं एकदा विचारलं, "काका, कुनाशी बोलताव?" मी म्हटलं, रेडिओ लागलाय.

दिवाळीनंतर कळलं, मकबूलभाई गेले.

मी एसटीनं धाराशिवला गेलो. दफन होऊन चार दिवस झाले होते. शबानानं पाणी दिलं, चहा केला. तिचे डोळे बापासारखेच आहेत, कापड पारखल्यासारखी बघते. मी इकडचं तिकडचं विचारत बसलो, पाणी किती दिवसाआड येतं वगैरे. शेवटी तीच उठली आणि आतून मापाची लाल वही घेऊन आली.

"अब्बाला शेवटी शेवटी दिसत नव्हतं," म्हणाली. "पण घरी कुणी आलं की ही वही काढायचे. पानं बोटानं मोजून बरोबर एकच पान उघडायचे. हे."

डाव्या पानावर त्यांच्या अक्षरात 'पोष्टसायब' लिहिलेलं होतं. छाती छत्तीस, गळा पंधरा, बाही. उजव्या पानावर ते पाकीट, सबंध, न कापलेलं, न भिजवलेलं, चारी कोपऱ्यांना दोऱ्याचा एकेक बारीक टाका घालून पानाला पक्कं केलेलं. वर झालरवाला, आणि त्याच्या तोंडावर आमच्या गावचं नाव.

"सगळ्यांना आधी हाच दाखवायचे," शबाना सांगत होती. "म्हणायचे, बाकीचे आठ बेटावरचे. ह्यो आपल्या गावचा. ह्याला आमच्या सायबांनी रहिवाशी केला." तिला हसू आलं, लगेच रडू आलं. "काका, तुम्ही का नाही आलात हो कधी? दर हुरड्याला विचारायचे, पोष्टसायबाचं काय आलं का म्हणून."

माझं पाठ केलेलं वाक्य माझ्याजवळच राहिलं. ती वही मला देत होती. मी घेतली नाही. कुठल्या तोंडानं घेऊ? "असू दे पोरी, पोरांना दाखव," म्हणालो आणि थांब्यावर आलो. एसटीत खिडकीशी बसलो. दोन्ही बाजूंनी ज्वारी पोटरीत आलेली होती, कणसं अजून बाहेर पडायची होती. वाटेत मी रडलो, आणि शेजारच्या माणसानं काही न विचारता मला तंबाखू दिली. मी खात नाही, तरी घेतली.

परवा हुरडा आला, आणि काल ते पत्र.

पोस्टात आता उदगीरकडची एक पोरगी आहे, कामाला चोख. स्वतः ओट्यापर्यंत आली. "काका, तुमच्या नावाचं आलंय. लई लांबून दिसतंय." मी चष्मा शोधला, सापडेना, मग तो डोक्यावरच निघाला. पाकिटावर माझं नाव. निळ्या शाईत, गोल अक्षरात. वर झालरवाला आणि त्याच्या शेपटीकडून बेताचा, रेखीव, गोल शिक्का, बेटाचं नाव सगळं वाचता येईल असा. मकबूलभाईंनी तीनतीनदा सांगितलं होतं, अगदी तस्सा. मला आलेलं हे पहिलं पत्र. ते मी दाखवायला कुणाकडं नेणार होतो? ज्याला कळलं असतं तो एकच होता. सुनंदाला दाखवलं. "छान हाय की. खायचा आसतोय का ह्यो?" म्हणाली. तिची काही चूक नाही.

रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी उठून एक मोठं पाकीट घेतलं. आत बेटाचं पाकीट ठेवलं आणि एक कोरा कागद घेतला. बारा वर्षं अडून राहिलेलं वाक्य त्यावर लिहिलं. मकबूलभाई, हात थांबला होता. खाली सही केली, सावकाश. वर पत्ता घातला, मकबूल टेलर, आणि शबानाचं घर, धाराशिव. शबानाच्या नावानं पाठवता आलं असतं, पण ते वाक्य तिच्यासाठी नव्हतं. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहिला, तो मी नेमानं लिहितो.

पोस्टात गर्दी नव्हती. पोरीनं वजन केलं, तिकिटं लावली, शिक्का उचलला आणि पत्ता वाचला. आमच्या भागात कोण गेलं हे सगळ्यांना कळतं.

"काका, टेलरकाका तर गेले ना दिवाळीत?"

"व्हय. माहीत आहे."

"मग हे परत येईल. 'मयत' असा शेरा मारून. तुमाला तर नियम माहीत आहे."

"येऊ दे," मी म्हणालो. "माझ्याच नावावर येईल."

शिक्का धरलेला तिचा हात वरच थांबला होता. मी तो बघत उभा राहिलो.

"मारा," मी म्हणालो, "हुरड्याच्या दिवसातली तारीख उठू द्या."